उरलेले तास

पहिल्या शनिवारी माझ्या हातात हातोडा दिला आणि दुसऱ्या शनिवारी काढून घेतला.

अपमान करायचा कुणाचा हेतू नव्हता. नॉर्थ कॅरोलायनात आम्ही राहतो त्या गावात (शहरच आहे, पण मला गाव म्हणायची सवय) कमी मिळकतीच्या कुटुंबांसाठी घरं बांधणारी एक छोटी संस्था आहे. शनिवारी सकाळी आठला लोक जमतात, खिळे ठोकतात, रंग देतात, दुपारी सँडविच खातात आणि तीनला घरी जातात. ऑफिसातल्या एकाने फार मागे लागून मला नेलं. त्या दिवशी मी दहातले सात खिळे वाकवले. तिथला म्हातारा सुतार माझ्याजवळ येऊन उभा राहिला, वाकडे खिळे एकेक करून निमूट उपटले आणि म्हणाला, "पोटापाण्यासाठी काय करतोस?" मी म्हटलं, सॉफ्टवेअर. त्याने मान हलवली, डॉक्टर एक्स-रे बघून हलवतात तशी.

पुढच्या शनिवारी मला अवजारांच्या लोखंडी कंटेनरमध्ये नेऊन बसवलं. दाराला सुतळीने बांधलेला क्लिपबोर्ड, क्लिपबोर्डला सुतळीने बांधलेलं पेन आणि पावसाने फुगलेला हजेरीचा कागद. त्यावरची अर्धी नावं विरघळलेली. "ह्याचं काहीतरी कर," समन्वयक बाई म्हणाल्या. मी ठरवलं, स्वयंसेवकांच्या नोंदणीची एक वेबसाइट करायची.

बाई निवृत्त होण्याआधी काउंटीच्या शाळांच्या बसचं वेळापत्रक लावायच्या. त्यांच्याकडे एक एक्सेल होतं, चौदा पानांचं. पिवळा रंग म्हणजे येणार, हिरवा म्हणजे नक्की येणार, आणि फिकट हिरवा म्हणजे नक्की येणार म्हणतो पण येत नाही. हे शेवटचं मला त्यांनी तिसऱ्या आठवड्यात सांगितलं, तोवर मी फिकट आणि गडद हिरवा एकच धरून चाललो होतो. खरी माहिती मात्र एक्सेलमध्ये नव्हतीच. ती बाईंच्या डोक्यात होती. याला शिडीवर चढवायचं नाही, बायपास झालीय आणि तो स्वतःहून सांगणार नाही. त्याला नऊ वाजता बोलवायचं, बायकोला सांभाळणारी नर्स त्याआधी येत नाही. या दोघींना एका भिंतीवर रंगाला लावायचं नाही. का, ते विचारू नकोस.

मी उत्साहाने 'शेरा' नावाचा एक रकाना केला आणि म्हटलं, हे सगळं इथे टाका. बाईंनी रकान्याकडे पाहिलं. "हे लिहायचं नसतं," म्हणाल्या. "लिहिलं की कुणीतरी वाचतं."

मला ते जुन्या वळणाचं वाटलं. बसची वेळापत्रकं पेन्सिलीने लावलेली बाई, दुसरं काय म्हणणार.

अशी घरं बांधायची कल्पना इथे दक्षिणेत बरीच मुरलेली आहे. जॉर्जियात अमेरिकस नावाचं एक छोटं गाव आहे. त्याच्याजवळ १९४२ साली क्लॅरेन्स जॉर्डन या धर्मोपदेशकाने कोइनोनिया नावाची शेती सुरू केली. गोरे आणि काळे एका पंगतीला जेवतात म्हणून शेजारपाजारच्यांनी या लोकांना अतोनात छळलं. त्या शेतीवर पुढे मिलर्ड आणि लिंडा फुलर हे जोडपं आलं. फुलर वकील, ऐन तिशीच्या आत लक्षाधीश झालेला, आणि तो पैसा सोडून आलेला. त्यांनी १९७६ साली हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था काढली. घर फुकट द्यायचं नाही. नफा न घेता विकायचं, हप्ते परवडतील असे लावायचे, आलेल्या हप्त्यांतून पुढचं घर उभं करायचं. आणि ज्याचं घर, त्यानेही बांधकामावर ठरावीक तास राबायचं. १९८४ पासून अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर दरवर्षी हातोडा घेऊन जायला लागले आणि ही गोष्ट जगभर पोचली. आमची संस्था त्यांची शाखा नाही, पण गिरवलेला कित्ता तोच.

गंमत म्हणजे २००६ साली कार्टर लोणावळ्याजवळ आले होते. मळवलीच्या बाजूला आठवड्याभरात शंभर घरं बांधायला देशोदेशीचे लोक जमले होते. मी तेव्हा बावीस वर्षांचा, हिंजवडीत बसून कुठल्याशा विमा कंपनीचे फॉर्म बनवत होतो. पाऊण तासाच्या अंतरावर. ब्रॅड पिट आलाय, एवढंच माझ्यापर्यंत पोचलं. उठून जावं असं मनातसुद्धा आलं नाही. ज्या घरात मी वाढलो ते इतरांनी बांधून दिलेलं होतं, तरीही.

त्याच्याकडे येतो. आधी वेबसाइट.

स्वयंसेवकांची वेबसाइट म्हटल्यावर मला वाटलं होतं, नाव घ्यायचं, तारीख घ्यायची, झालं. पहिला घोळ वयाचा. सोळाच्या आतल्या मुलाला चालू बांधकामावर येऊ द्यायचं नाही, हा संस्थेचा नियम. सोळा-सतराच्या मुलांना छतावर किंवा विजेच्या करवतीवर लावायचं नाही, कारण अमेरिकेच्या मजूर खात्याने ही कामं अठराच्या आतल्यांसाठी धोक्याची ठरवली आहेत, आणि संस्था स्वयंसेवकांनाही तोच नियम लावते. म्हणजे नुसती जन्मतारीख विचारून भागत नाही. त्या दिवशी कुठलं काम आहे, त्यावर कोण येऊ शकतो ते ठरतं. मग कंपन्यांचे गट. पंधरा जागा अडवतात, अकरा लोक येतात, त्यातल्या चौघांची नावं यादीत नसतात. मग 'इजा झाल्यास संस्था जबाबदार नाही' हा सहीचा कागद, जो दरवर्षी नव्याने लागतो. मग पाऊस. पहाटे साडेपाचला बाई आकाश बघणार, आणि काम रद्द असेल तर चाळीस लोकांना मेसेज जायला हवा. इथे संस्थेची मोबाइल कंपन्यांकडे रीतसर नोंदणी नसेल तर असे घाऊक मेसेज अडवले जातात. त्या नोंदणीत माझे तीन आठवडे गेले.

सगळ्यात मोठी फजिती घड्याळाने केली. इथे मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे करतात. मी प्रत्येक शनिवारची वेळ जागतिक वेळेत (जी कधी पुढेमागे होत नाही) साठवली होती, आणि पुढचा शनिवार काढायला त्यात सरळ सात दिवसांचे तास मिळवत होतो. दिसायला स्वच्छ, सोपं. नोव्हेंबरमध्ये घड्याळं मागे गेली आणि माझ्या साइटने लोकांना आठऐवजी सातला बोलावलं. कंटेनरची किल्ली बाईंकडे, आणि बाई येणार आठला. अकरा माणसं कडाक्याच्या थंडीत कुलूपबंद कंटेनरपुढे हात चोळत उभी. मी पावणेआठला पोचलो तेव्हा कुणी रागावलं नाही, आणि तेच जास्त लागलं. सुतार म्हणाला, "खिळा वाकला रे परत."

यापुढची चूक मात्र मी ठरवून केली.

स्वयंसेवकांच्या तासांचा हिशेब संस्थेला लागतोच. अनुदानाच्या अर्जात तो दाखवावा लागतो, आणि त्या तासाचा भावही ठरलेला असतो. इंडिपेंडंट सेक्टर नावाची संस्था दरवर्षी तो जाहीर करते. २०२३ सालासाठी तो तासाला ३३.४९ डॉलर होता. माझ्या सात वाकड्या खिळ्यांचा तासही त्याच भावाने धरायचा. तर तास नोंदले जात होतेच. मला वाटलं, ते दाखवूया. सर्वाधिक तास देणाऱ्यांचं एक पान करूया, वर पहिल्या तिघांना पदकं, कंपन्यांची आपसात चुरस लागेल. कुणी मागितलं नव्हतं. पण असं काही करून ठेवल्याशिवाय आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना चैन पडत नाही.

पान चालू झालं. पहिल्या क्रमांकावर एक बाई आली, १८४ तास. नावापुढे मी मोठ्या कौतुकाने घराचं छोटंसं चित्र लावलं होतं, कारण ती स्वयंसेवक नव्हती. ज्या घराला आम्ही रंग देत होतो ते तिचंच होतं. वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची, दोन मुलं, आणि पाळी संपवून शनिवारी थेट बांधकामावर यायची. आमच्या संस्थेत घर घेणाऱ्याला अडीचशे तास काम करावं लागतं, थोडं स्वतःच्या घरावर, थोडं दुसऱ्यांच्या. माझ्या डेटाबेसमध्ये तास म्हणजे तास. सगळ्यांचे एकाच रकान्यात.

ती एका शनिवारी रंगाचा ब्रश हातात घेऊनच माझ्यापाशी आली. "ते पान काढता येईल का?" मला वाटलं, तास चुकले असतील. तसं नव्हतं. पुढच्या महिन्यात तिच्याच वृद्धाश्रमातल्या कर्मचाऱ्यांचा गट बांधकामावर येणार होता. बाराजणांनी साइटवर नावं घातली होती, म्हणजे बाराजणांनी ते पान पाहिलं असणार किंवा पाहणार. "मी घर घेतेय, एवढं त्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "आणि ते खोटं नाहीये. हप्ते मीच भरणार आहे."

नाही, खोटं नव्हतंच. मी त्या रात्री दहाच्या आत ते पान काढून टाकलं. काढायला दोन मिनिटं लागली. झोप मात्र पहाटेपर्यंत आली नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून गाव झोपलेलं, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आमचं गाव औसा तालुक्यात. मी नऊ वर्षांचा होतो. आमच्याकडची घरं माळवदाची, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर लाकडावर हात-दीड हात मातीचा थर. उन्हाळ्यात गार, आणि पडलं तर माणूस राहत नाही. आजी आत होती. आम्ही अंगणात होतो.

त्यानंतर जी माणसं आली, ती कोण होती याची कुठे यादी नाही. जवान आले, कॉलेजची मुलं आली, डॉक्टर आले, भाकरी घेऊन ट्रक आले. आमची यादी मात्र झाली. कुणाचं किती मेलं, कुणाचं किती पडलं, कुणाला किती शेती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावं नव्या जागी बसवायची ठरली, आणि घर मिळायचं ते शेतीच्या मापाने. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत शेती असलेल्यांना अडीचशे चौरस फूट, त्याच्या वर सात हेक्टरपर्यंत चारशे, आणि त्याहून जास्त असेल तर साडेसातशे. पत्र्याच्या शेडपुढे उभं राहून ती यादी मोठ्याने वाचली गेली. सगळ्या गावासमोर. नाव, आणि पुढे आकडा.

नव्या गावातल्या शाळेत आम्ही पोरं एकमेकांना त्या आकड्यांवरून ओळखायला लागलो. 'अडीचशेवाले' ही शिवी झाली. आमची चार एकर होती, म्हणून आम्ही चारशेवाले. मीही म्हणायचो, अडीचशेवाले. खेळात चिडलो की हमखास.

तीस वर्षांनी मी त्या बाईच्या नावापुढे घराचं चित्र लावून तिला जगासमोर टांगलं होतं. आणि तेही कौतुक म्हणून.

उन्हाळ्यात अण्णा आले. आई असती तर दोघं आले असते. चार आठवड्यांत त्यांचं मॉल, देऊळ, तळं सगळं बघून झालं आणि त्यांना कंटाळा आला, म्हणून एका शनिवारी त्यांना बांधकामावर नेलं. टॅबलेटवर त्यांचं नाव घातलं, जबाबदारीचा कागद मराठीत सांगितला. इजा झाली तर संस्था जबाबदार नाही.

"मंग कोण हाय?"

"आपण."

"आपलं घर न्हाई, आन् जबाबदार आपण," ते म्हणाले, आणि अंगठ्याजोगी सही ठोकली.

उभ्या लाकडी चौकटीला त्यांनी दोन-तीनदा हात लावून बघितला. "लाकडाचं घर? आन् वाळवी लागल्यावर?" मी औषध मारतात ते सांगितलं. त्यांनी चौकटीला खांदा लावून थोडं रेटलं, वर छताकडे बघितलं. "हलकं हाय," म्हणाले. "पडलं तरी माणूस मरत न्हाई." मग माझ्या हातातला हातोडा घेतला आणि तीन घावांत एक खिळा सरळ आत घातला. सुताराने लांबून पाहिलं. थोड्या वेळाने तो स्वतः कॉफीचा कप घेऊन आला, अण्णांसाठी. मला आजवर त्याने कॉफी दिलेली नाही.

दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. दुपारपर्यंत त्यांनी मिळून एक अख्खी भिंत उभी केली.

परतताना गाडीत अण्णांनी विचारलं, "हे समदे फुकट करायलेत?"

"हो."

"आन् ती बाई? पिवळ्या टोपीची. लई नेटानं करायली होती."

"घर तिचंच आहे. तिला अडीचशे तास करावे लागतात."

'अडीचशे' शब्दावर त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "मंग ती सावड झाली. बाकीच्यांची इर्जिक."

मी गाडी चालवत राहिलो. दोन वर्षं मी ज्या तक्त्याशी झटत होतो तो त्यांनी सिग्नल सुटायच्या आत मांडून दिला होता. सावड म्हणजे आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. तिचा हिशेब कुणी लिहीत नाही आणि कुणी विसरतही नाही. इर्जिक वेगळी. एखाद्याची पेरणी मागे पडली, घरात आजारपण आलं, की गावातले लोक औतं घेऊन त्याच्या रानात उतरतात, दिवसभर राबतात, त्याच्याकडे पोटभर जेवतात आणि तिथेच मिटतं. दोन्हींत घाम तोच गळतो. पण सावडीचा दिवस कुणी पुण्य म्हणून मोजत नाही, आणि इर्जिकीचा दिवस कुणी देणं म्हणून मागत नाही.

"आपली पत्र्याची खोली आठवते का?" अण्णा म्हणाले.

आठवते. सरकारी घर व्हायच्या आधी, आणि झाल्यावरही किती तरी वर्षं, आम्ही रात्री त्या पत्र्यात झोपायचो. स्लॅबखाली झोपायची हिंमत गावात कुणालाच नव्हती.

"ती शेजारच्या मामानं आन् म्या मिळून हुभी केली. आधी त्याची, मंग आपली. आपल्याकडं त्यो दोन दिस आला. म्या त्याच्याकडं एकच दिस गेल्तो, मंग ताप आला." थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "त्याचा एक दिस आपल्याकडं राहिलाय अजून."

मामा जाऊन नऊ वर्षं झाली होती.

त्या आठवड्यात मी तक्ता फोडला. स्वयंसेवकांचे तास एकीकडे, घरमालकांचे दुसरीकडे. पहिले संस्थेच्या अहवालात जायचे, फक्त बेरीज, नावं नाहीत. दुसरे ज्याचे त्याला आणि बाईंना दिसायचे, आणि तिथेही झालेले तास नाही, उरलेले तास. अडीचशेतून झालेले वजा. 'शेरा' हा रकाना मी कधीच काढून टाकला होता. बायपासवाल्याला शिडीवर चढवायचं नाही, हे आता मलाही माहीत आहे, आणि ते मी कुठेही लिहिलेलं नाही. इथे लिहिलं, पण तुम्हाला तो कोण ते कळणार नाही.

नोव्हेंबरमध्ये त्या बाईचे अडीचशे तास भरले. साइटवर काहीही झालं नाही, पदक नाही, फुगे नाहीत, कारण ते सगळं मीच उपटून टाकलं होतं. तिला किल्ल्या मिळाल्या, सामान लागलं. घड्याळही त्या वर्षी बरोबर चाललं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ती परत आली. तिच्या घरापासून चार रस्ते पलीकडे दुसऱ्या एका कुटुंबाचं घर चालू होतं. पिवळी टोपी तीच. कुणी बोलावलं नव्हतं. तिने टॅबलेटवर नाव घातलं, दुपारपर्यंत खिडक्यांच्या फटी भरल्या, आणि सँडविच खायला बसली तेव्हा फोन माझ्यापुढे धरला. त्यावर साइट दाखवत होती: उरलेले तास, उणे ४.

"म्हणजे आता संस्था माझे चार तास देणं लागते का?" ती म्हणाली, आणि इतकी हसली की सुतार काय झालं ते बघायला आला.

घरमालकाचा स्वयंसेवक होऊ शकतो, हे मी धरलंच नव्हतं. एकदा दिलेली भूमिका बदलायची सोयच साइटवर नव्हती. मी कंटेनरमध्ये जाऊन लॅपटॉप उघडला आणि डेटाबेसमध्ये तिच्या नावापुढचा शब्द हाताने बदलला. बाहेर आलो तोवर ती परत खिडकीवर चढली होती.